चहाच्या दुकानातला संगणक

आमच्या धंद्यात एक वाक्य फार ऐकू येतं. "सिस्टीम तर बसवली, पण काम दुप्पट झालं." म्हणणारा बहुधा हिशेबखात्यातला असतो, ऐकणारा संगणकखात्यातला, आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी मॅनेजर मान डोलवत बसलेला असतो. मग मीटिंगा होतात. "बिझनेसची गरज नीट समजून घेतली नाही" असं एकजण म्हणतो, "त्यांना काय हवंय तेच सांगता आलं नाही" असं दुसरा म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात, ही त्यातली गंमत.

या भांडणाचा इतिहास शोधायला लागलो, तेव्हा वाटलं होतं की सुरुवात कुठेतरी अमेरिकेत, एखाद्या विमा कंपनीत किंवा बँकेत सापडेल. सापडली ती लंडनमध्ये, आणि तीही चहा-बन विकणाऱ्या कंपनीत.

जे. लायन्स अँड कंपनी हे नाव आज आपल्याकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये चहा प्यायला जायचं म्हणजे लायन्सच्या दुकानात जायचं. पिकॅडिलीवर त्यांचं पहिलं टी-शॉप १८९४ साली उघडलं. पुढे भरभराटीच्या काळात अशी अडीचशेच्या आसपास दुकानं झाली, शिवाय 'कॉर्नर हाऊस' नावाची अवाढव्य उपाहारगृहं. तिथल्या चटपटीत वेट्रेसना लोक 'निप्पी' म्हणत. हॅमरस्मिथ भागात कॅडबी हॉल नावाचा प्रचंड कारखाना होता, तिथून पाव, केक, पाय, आइस्क्रीम असं सगळं रोज निघायचं. (मार्गारेट थॅचरबाई राजकारणात येण्याआधी याच कंपनीत रसायनतज्ज्ञ होत्या. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.)

आता या धंद्याचं अर्थशास्त्र बघा. एक कप चहा, एक बन. एका गिऱ्हाइकामागे सुटणारा नफा म्हणजे पेनीचा तुकडा. पण अशी गिऱ्हाइकं रोज लाखांनी. म्हणजे विक्री चिल्लर, पण तिची नोंद करायला लागणारा कागद मात्र पोलादाच्या कारखान्याएवढाच, किंबहुना जास्तच. लोखंड विकणाऱ्याने एका बिलावर चार मिनिटं घालवली तर बिघडत नाही. चहावाल्याने घालवली तर नफा तिथेच संपला. कारकुनी खर्च हा लायन्सच्या दृष्टीने जिवावरचा प्रश्न होता, आणि माझ्या मते पुढचं सगळं याच एका गोष्टीतून आलं.

१९२३ साली जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा एक गणिती लायन्समध्ये नोकरीला लागला. त्या काळी चहाच्या कंपनीने गणिती नेमणं हेच मुळात विलक्षण. त्याच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात तिथे 'सिस्टीम्स रिसर्च ऑफिस' नावाचं खातं आलं. या खात्याचं काम एवढंच, की कंपनीतला प्रत्येक कागद कुठून निघतो, कुठे जातो, वाटेत कोण त्यावर काय लिहितं आणि शेवटी तो कुणाच्या उपयोगी पडतो, हे बघत हिंडायचं. उपयोगी पडत नसेल तर तो बंद करायचा.

संगणक नावाची वस्तू तेव्हा पृथ्वीवर नव्हती! म्हणजे यंत्र येण्याआधी वीसेक वर्षं ही मंडळी 'आपल्याला नेमकं काय हवंय' याचा अभ्यास करत होती. आज आपण यंत्र आधी घेतो आणि हा प्रश्न नंतर विचारतो, तोही सल्लागाराला पैसे देऊन.

१९४७ साली लायन्सने टी. आर. थॉम्प्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड या दोघांना अमेरिकेला पाठवलं. युद्धकाळात अमेरिकन ऑफिसांनी काय नवं शोधलं ते बघून या, एवढीच कामगिरी. ऑफिसांत त्यांना फारसं काही सापडलं नाही. पण प्रिन्स्टनला त्यांना हर्मन गोल्डस्टाइन भेटला. तोफगोळ्यांची गणितं करणाऱ्या 'एनिॲक'वर काम केलेला हा माणूस. त्याने त्यांना सांगितलं की तुमच्याच देशात, केंब्रिजमध्ये, असं यंत्र बांधणं चाललंय. गाव धुंडाळून आल्यावर काखेत कळसा सापडावा तसं झालं.

केंब्रिजला मॉरिस विल्क्स 'एड्सॅक' बांधत होता. पैशांची चणचण होतीच. लायन्सने त्याला अडीच हजार पौंड दिले, शिवाय आपला एक तंत्रज्ञ वर्षभर मदतीला दिला. बदल्यात काय, तर यंत्र चाललं की त्याचा आराखडा आम्हाला वापरू द्या. ६ मे १९४९ रोजी एड्सॅकने पहिला प्रोग्रॅम चालवला, आणि लायन्सने ठरवलं, आता आपण आपला बांधायचा. कारण विकत घ्यायला कुठे मिळतच नव्हता.

त्यांनी नाव ठेवलं 'लिओ', म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नावात 'कॉम्प्युटर' हा शब्द नाही, 'ऑफिस' आहे. सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे, आणि स्मृतीसाठी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या. एखाद्या सभागृहाएवढी जागा खाणारं हे धूड जॉन पिंकर्टन या तरुण इंजिनिअरने उभं केलं.

आणि इथे खरी अडचण आली. माझ्या मते या कहाणीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

एड्सॅक शास्त्रज्ञांसाठी होता. शास्त्रज्ञ यंत्राला चार आकडे देतो, यंत्र तासभर घाम गाळतं आणि एक उत्तर देतं. ऑफिसचं नेमकं उलट. हजारो माणसांचे हजारो आकडे आत घालायचे, प्रत्येकावर किरकोळ बेरीज-वजाबाकी करायची आणि हजारो चिठ्ठ्या बाहेर काढायच्या. गणित कमी, ने-आण जास्त. केंब्रिजचं यंत्र जसंच्या तसं ऑफिसात आणलं असतं तर ते बहुतेक वेळ पुढचं कार्ड आत येण्याची वाट बघत बसलं असतं. लायन्सच्या लोकांना हे आधीच कळलं, कारण ती वीस वर्षांची कागदामागची भटकंती! एकाच वेळी अनेक वाटांनी माहिती आत-बाहेर करता यावी अशी जोड त्यांनी मूळ आराखड्याला दिली. पण ती सहज जमली नाही. चुंबकीय फितीवरून माहिती भरायचं काम त्यांनी बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं, ते भरवशाचं निघेना. शेवटी फीत सोडून पंचकार्डं आणि भोकं पाडलेली कागदी पट्टी यांवर यावं लागलं. यात बराच काळ गेला.

तोवर हातावर हात धरून बसण्याऐवजी त्यांनी एक असं काम निवडलं ज्याला माहिती थोडी लागते. बेकरीतून आठवडाभरात बाहेर पडलेल्या पाव, केक वगैरेंची किंमत काढणं. नोव्हेंबर १९५१ मध्ये हे काम लिओवर सुरू झालं, आणि धंद्याचं नेहमीचं कामकाज संगणकावर होण्याची जगातली ही सुरुवात मानली जाते. त्यात चंद्रावर जाण्यासारखं काही नव्हतं. पावांचा हिशेब!

पगाराचं काम १९५४ पासून पूर्णपणे यंत्रावर आलं. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९४४ पासून पगारातूनच कर कापायची पद्धत आली होती, आणि या आठवड्याचा कर वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या कमाईवर अवलंबून असायचा. म्हणजे प्रत्येक माणसाचे मागचे आकडे दर आठवड्याला पुढे न्यायचे. शिवाय पौंडाला वीस शिलिंग, शिलिंगला बारा पेनी. आपल्याकडच्या ज्येष्ठांना याचं दुःख लगेच कळेल. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत आपणही रुपयाला सोळा आणे आणि आण्याला बारा पै असाच हिशेब करत होतो. फक्त शून्य आणि एक कळणाऱ्या यंत्राला हे शिकवायचं म्हणजे काय ते बघा. कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

पण माझं मन जिंकलं ते पगाराने नव्हे, दुकानांच्या मागणीपत्रकाने.

रोज दुपारनंतर प्रत्येक टी-शॉपची बाई उद्यासाठी काय काय हवं त्याची यादी करून कॅडबी हॉलला पाठवायची. इतके पाव, इतके केक, इतक्या पाय. दीडशेच्या वर दुकानं, प्रत्येकाची यादी लांबलचक. हे यंत्रावर आणायचं तर साधा विचार काय? सगळ्या याद्या कार्डांवर टोचा आणि यंत्राला भरवा. आपण तेच केलं असतं. मी तरी नक्कीच.

डेव्हिड कॅमिनर हा लिओच्या कामांची आखणी करणारा माणूस. जगातला पहिला सिस्टीम ॲनालिस्ट असं त्याला पुष्कळदा म्हणतात. त्याच्या लोकांनी पाहिलं की एका दुकानाची या सोमवारची यादी मागच्या सोमवारच्या यादीसारखीच असते, थोडाफार फरक. मग रोज अख्खी यादी कशाला? प्रत्येक दुकानाची, वाराप्रमाणे, एक ठरलेली मागणी यंत्राकडे ठेवायची. ठरल्या वेळी कॅडबी हॉलहून दुकानाला फोन जाणार, आणि बाईने फक्त फरक सांगायचा. आज पाऊस आहे, केक थोडे कमी पाठवा. इकडे कानाला हेडफोन लावून बसलेली मुलगी ऐकता ऐकताच कार्ड टोचणार. लिओ रात्रीतून बेकरीला एकूण आकडे देणार आणि प्रत्येक दुकानाच्या मालाच्या चिठ्ठ्या छापणार. सकाळी माल दुकानात.

दुकानाच्या बाईचं लिखाण गेलं, निर्णय मात्र तिच्याकडेच राहिला. तिच्या गल्लीतली गिऱ्हाइकं तिलाच ठाऊक, हे यंत्र बांधणाऱ्यांनी मान्य केलं होतं.

इथे मला आमचा एक प्रसंग आठवतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही पगाराची सिस्टीम बसवली. सहा महिन्यांनी गेलो तर टाइम ऑफिसातल्या काकांच्या टेबलाच्या खणात लाल कापडी बांधणीची जुनी वही तशीच चालू! विचारलं, तर आधी ते लाजले आणि मग म्हणाले, "साहेब, तुमचा प्रोग्रॅम उचल कापतो."

गणपतीला, दिवाळीला कामगार उचल घेत, ती हप्त्याहप्त्याने कापायची. पण एखादा महिनाभर आजारी असला आणि हातात येणारच हजार रुपये, तर काका त्या महिन्याचा हप्ता सोडून देत. हे कुठल्याही नियमात नव्हतं. मालकाला माहीत होतं आणि चालत होतं. आमच्या प्रोग्रॅमला माहीत नव्हतं, आणि त्याने एका आजारी माणसाच्या हातात शून्य रुपयांची चिठ्ठी ठेवली होती. गरजा लिहून घ्यायला आम्ही तीन वेळा तिथे गेलो होतो. तिन्ही वेळा मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो. चहा उत्तम होता. काकांच्या टेबलापर्यंत काही गेलो नाही.

असो. लिओकडे वळू.

बाकीच्या कंपन्या बघायला येऊ लागल्या. फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्याचे पगारसुद्धा लिओवर निघाले. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी लायन्सने 'लिओ कॉम्प्युटर्स' ही वेगळी कंपनीच काढली. लिओ-२ आला, १९६२ च्या सुमारास लिओ-३ आला, आणि जाणकारांच्या मते तो त्या काळातल्या उत्तम यंत्रांपैकी एक होता. तरीही धंदा जमला नाही. १९६३ मध्ये लिओ इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणकविभागात विलीन झाली, लायन्सने लवकरच आपला हिस्सा विकला, आणि १९६८ साली ही सगळी शाखा आयसीएलमध्ये गेली. आयबीएमपुढे भांडवल कमी पडलं, हे एक कारण. पण मला दुसरंही दिसतं. लिओची माणसं गिऱ्हाइकाला नुसतं यंत्र विकत नसत, त्याचं ऑफिस मुळापासून तपासायला बसत. स्वतःच्या घरात वीस वर्षं कागदामागे हिंडणं वेगळं. दुसऱ्याच्या घरात जाऊन "हा कागद तुम्हाला कशाला लागतो?" असं विचारणं वेळखाऊ, महागडं, आणि पुष्कळांना अपमानास्पदही. आहे त्याच कामाला पटकन यंत्र जोडून देणारा विक्रेता गोड वाटतो. आम्ही पुण्याजवळ तसेच गोड वाटलो होतो.

आणि खुद्द लायन्स? दुकानाच्या मागणीचं इतकं देखणं जमवलं, पण लोक टी-शॉपमध्ये बसून चहा पिण्याचंच कमी करत गेले. केक किती पाठवायचे ते लिओ चोख सांगायचा. केक खायला माणसं का येईनाशी झाली, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी ते कार्डावर टोचता आलं नसतं. पहिला लिओ १९६५ मध्ये मोडीत निघाला. १९७८ साली लायन्स एका मद्य बनवणाऱ्या उद्योगाच्या ताब्यात गेली.

इकडे ब्रिटनच्या टपालखात्याने टेलिफोनची बिलं काढायला लिओ-३ घेतले होते. बंद पडलेल्या लिओंचे सुटे भाग काढून लावत ते चालू ठेवलेले होते. त्यांतलं शेवटचं १९८१ पर्यंत बिलं काढत होतं.