डिफॉल्ट कोण ठरवतं?

२०१९ च्या ऑक्टोबरनंतर मॅकवर टर्मिनल उघडणाऱ्या अनेकांना एक ओळ दिसू लागली. यापुढे डिफॉल्ट शेल झेडएसएच आहे, असं ती सांगत होती. बहुतेकांनी ती वाचली नाही आणि कामाला लागले.

शेल म्हणजे संगणकाशी टाइप करून बोलायची जागा. आपण आज्ञा लिहायची, शेलने ती समजून घेऊन यंत्राकडून काम करून घ्यायचं. एकाच यंत्रावर चार-पाच शेल सुखाने नांदू शकतात. प्रश्न एवढाच, की नवख्या माणसाने दार वाजवलं तर पुढे कोण येणार? नवखा माणूस जो पुढे येईल त्याचाच होऊन जातो, वर्षानुवर्षं.

मॅक ओएस एक्स २००१ मध्ये आली तेव्हा दारात टीसीएसएच होता. २००३ मध्ये तिथे बॅश आला. बॅश हा ब्रायन फॉक्सने ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला शेल, १९८९ चा. युनिक्सवर स्टीफन बोर्नचा शेल होता, म्हणून हा 'बोर्न अगेन', म्हणजे पुनर्जन्म घेतलेला. (संगणकवाल्यांचे विनोद असेच असतात, सवय करून घ्यावी लागते.)

२००७ मध्ये ग्नूने आपल्या परवान्याची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात एक कडक अट होती: हे सॉफ्टवेअर घालून घरगुती वापराचं उपकरण विकत असाल, तर ते सॉफ्टवेअर बदलून त्यावर चालवायची किल्लीही ग्राहकाला द्या. बॅश ४.० या परवान्याखाली २००९ मध्ये आला. ॲपलने तो घेतलाच नाही. जगभर बॅश पुढे जात राहिला आणि मॅकवरचा बॅश २००६ च्या ३.२ आवृत्तीवरच थांबला. पुढे डिफॉल्टची जागा मिळाली ती पॉल फॉल्स्टॅडने १९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकत असताना लिहिलेल्या झेडएसएचला. त्याचा परवाना अगदी सैल. तारखा शेजारी ठेवल्या की कारण लपत नाही. झेडएसएच उत्तम आहे, मीही तोच वापरतो. पण मला तो मिळाला तो उत्तम आहे म्हणून नव्हे. गंमत म्हणजे, ज्या अटीपायी हे घडलं ती माझ्याच हक्कासाठी लिहिलेली होती.

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचंही असंच. गाभा लिनक्सचा, पण आतला शेल बॅश नाही, सैल परवान्याचा एमकेएसएच आहे.

कधी कारण साध्या वेगाचंही असतं. २००६ मध्ये उबुंटूने 'एसएच' या नावामागे बॅशऐवजी छोटा, चपळ डॅश बसवला, यंत्र लवकर सुरू व्हावं म्हणून. नाव तेच, आतला माणूस वेगळा. बॅशच्या खास लकबींवर विसंबलेल्या कित्येक स्क्रिप्ट अडखळल्या.

शेलच्या जोडीला एडिटरही कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो. तिथली पकड आणखी जुनी. १९७६ च्या सुमारास बर्कलीला बिल जॉय व्हीआयवर काम करत होता. त्याच्याकडे एडीएम-३ए हे टर्मिनल आणि सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं वाहून नेणारा मॉडेम. म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. त्या कीबोर्डवर बाण छापलेले होते एच, जे, के, एल या बटणांवर, आणि एस्केप होतं आज टॅब असतो तिथे, करंगळीच्या टप्प्यात. पुढे कीबोर्ड बदलले, एस्केप दूर कोपऱ्यात गेलं, पण व्हीआय युनिक्सच्या प्रमाणात शिरला आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रावर हजर राहिला. त्यातून बाहेर कसं पडायचं हे न कळून किती पिढ्या अडकल्या!

२०२० मध्ये फेडोराने ३३ व्या आवृत्तीत नॅनोला डिफॉल्ट केलं. नॅनोत पडद्याच्या तळाशीच लिहिलेलं असतं, बाहेर कसं पडायचं ते. जुनी मंडळी कुरकुरली. मला विचाराल तर हा बदल वीस वर्षं उशिरा झाला. ज्याला व्हीआय हवा तो स्वतः लावून घेतो, त्याला ते येतं. ज्याला येत नाही, डिफॉल्ट त्याच्यासाठीच असतो.

तरी फोनवर टर्मक्स उघडून बघा. काचेच्या कीबोर्डवर एस्केप नाहीच, म्हणून टर्मक्स त्याच्या वर बटणांची एक जादा पट्टी देतो. तिच्यातलं पहिलंच बटण एस्केपचं आहे.