पांढऱ्या बलकाची साक्ष

हैदराबाद शहरात कोठी या नावाने ओळखला जाणारा जो गजबजलेला भाग आहे, त्याला हे नाव एका प्रासादावरून मिळाले. निजामाच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास मुसी नदीच्या उत्तरेस आपल्या निवासासाठी एक भव्य इमारत बांधावयास घेतली. लोक तिला कोठी म्हणू लागले. पुढे रेसिडेंट गेले, इमारतीत मुलींचे महाविद्यालय आले, भोवती बाजार वाढला. नाव मात्र कोठीच राहिले.

याच कोठीत उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे मूळ १८४६ साली निघालेल्या हैदराबादच्या वैद्यकशाळेत सापडते. चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्या राजवटीत रेसिडेन्सीचे वैद्य डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांनी ती सुरू केली आणि तेथील शिक्षण प्रारंभी उर्दूतून दिले जाई. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालयही १९५६ मध्येच निघाले. त्यामुळे परभणी, नांदेड किंवा बीडकडच्या ज्या मुलाला राज्यातच राहून डॉक्टर व्हावयाचे असे, त्याची पावले अनेक वर्षे कोठीकडेच वळत.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकविल्या जाणाऱ्या परीक्षांत एक अगदी साधी परीक्षा असे. काचेच्या नळीत रोग्याचे मूत्र घ्यावयाचे, वरचा भाग ज्योतीवर तापवावयाचा, आम्लाचे दोन थेंब टाकावयाचे आणि पाहत राहावयाचे. द्रव स्वच्छ राहिला तर ठीक. पांढरा साका धरला तर मूत्रात अल्ब्युमिन आहे असे समजावयाचे. या पांढऱ्या साक्याने गेल्या अडीचशे वर्षांत वैद्यांना पुष्कळ सांगितले. त्याने जे सांगितले नव्हते तेही काही वेळा त्याच्या तोंडी घातले गेले. त्याची हकिकत म्हणूनच बोधप्रद आहे.

अल्ब्युमिन हे नाव लॅटिन भाषेतील ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून आले. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असताना पारदर्शक व चिकट असतो. उकळत्या पाण्यात तो पांढरा व घट्ट होतो आणि एकदा घट्ट झालेला पुन्हा पूर्ववत होत नाही. पाण्यात विरघळावे आणि उष्णतेने थिजावे, हा गुण ज्या ज्या प्रथिनांत आढळला त्यांना शास्त्रज्ञांनी अल्ब्युमिन म्हटले. अंड्यातील ते ओव्हअल्ब्युमिन, दुधातील ते लॅक्टअल्ब्युमिन, रक्तातील ते सीरम अल्ब्युमिन. मोहरी, तीळ, भुईमूग यांच्या बियांतही या नावाची प्रथिने असतात. बीज रुजताना ती कोवळ्या अंकुराचे पोषण करतात आणि काही माणसांना हेच पदार्थ बाधतात, त्यालाही बहुधा तीच कारण होतात. घरोघरी आवडीने खाल्ला जाणारा खरवस थिजतो तोही अशाच कारणाने. मात्र त्यात अल्ब्युमिनपेक्षा ग्लोब्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा वाटा मोठा असतो.

परंतु एक नाव म्हणजे एक कूळ नव्हे. पुढे प्रथिनांची रचना उलगडू लागली, तेव्हा असे दिसून आले की, अंड्यातील अल्ब्युमिन आणि रक्तातील अल्ब्युमिन यांचा परस्परांशी जवळचा संबंध नाही. दुधातील अल्ब्युमिन तर तिसऱ्याच घराण्याचे. दुधातील साखर तयार होण्यास ते साहाय्य करते. एकाच आडनावाची माणसे एकाच घरातील असतीलच असे नाही, तसाच हा प्रकार होय. बाह्य लक्षणांवरून आतले नाते ठरवू नये, हा धडा या नावातच दडलेला आहे.

रोगनिदानात या पदार्थाचा प्रवेश अठराव्या शतकात झाला. इटलीतील वैद्य दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाचे मूत्र तापविले असता ते अंड्याच्या बलकाप्रमाणे थिजले, अशी नोंद केली. त्या नोंदीचा पूर्ण अर्थ लागावयास साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला. लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट याने १८२७ साली तीन गोष्टी एकत्र जोडल्या : अंगावरील सूज, मूत्रातील अल्ब्युमिन आणि मृत्यूनंतर आढळणारी मूत्रपिंडाची विकृती. त्याचे साधन म्हणजे एक चमचा आणि एक मेणबत्ती! हैदराबादची वैद्यकशाळा निघाली तेव्हा ब्राइटच्या त्या ग्रंथाला अवघी एकोणीस वर्षे झाली होती.

मूत्रात येणारे हे अल्ब्युमिन मूळचे रक्तातील. रक्तातील पेशी वगळता जो पिवळसर, पाणीदार भाग उरतो, त्याच्या दर शंभर मिलिलिटरमध्ये साधारणपणे साडेतीन ते पाच ग्रॅम अल्ब्युमिन असते. निरोगी माणसाचे यकृत ते रोज दहा ते पंधरा ग्रॅम तयार करते. मेदाम्ले, पित्तातील रंगद्रव्य आणि पुष्कळशी औषधे यांची ने-आण करणारा तो हमालच होय. शिवाय रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर झिरपू न देता आत धरून ठेवण्याचे कामही मुख्यत्वे त्याचेच. रक्तातील प्रथिनांची ही पाणी ओढून धरण्याची शक्ती इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग याने १८९६ मध्ये दाखवून दिली. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्ड येथील एडविन कोहन याने मानवी रक्तातून शुद्ध अल्ब्युमिन वेगळे केले आणि डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यात भाजलेल्या सैनिकांना ते देण्यात आले.

येथवर सर्व सरळ दिसते. अल्ब्युमिन घटले की पाणी वाहिन्यांतून बाहेर पडते व अंग सुजते, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले. यानंतर प्रश्न आला तो उपाशी मुलांचा.

आफ्रिकेतील तेव्हाच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये लहान मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याला तेथील लोकांच्या बोलीतील क्वाशिओरकोर हे नाव दिले. धाकटे भावंड झाल्यावर आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा भाव आहे. अशा मुलाचे पाय व चेहरा सुजतो, केस विरळ व फिकट होतात, खेळण्याची इच्छा उरत नाही. या सुजेमुळेच फसगत होते. मूल अंगाने भरले, बाळसे धरले, असे वाटावे आणि वस्तुतः ते झिजत असावे! या मुलांच्या रक्तात अल्ब्युमिन फारच थोडे आढळे. तेव्हा त्यांच्या अन्नात प्रथिनांचा तुटवडा आहे, असा निष्कर्ष जगभर मान्य झाला आणि प्रथिनांची भुकटी, प्रथिनयुक्त बिस्किटे यांच्या योजना आखल्या जाऊ लागल्या.

अशा वेळी हैदराबादचे नाव या इतिहासात पुन्हा येते. कुन्नूर येथील पोषणसंशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला, कोठीपासून काही मैलांवरील तारनाका भागात आली. १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. तेथे डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषित मुलांचा दीर्घ अभ्यास केला. काही मुले सुजत, तर काही केवळ वाळत जात. दोघांच्या आहारात फरक असला पाहिजे, अशी सर्वांची समजूत होती. गोपालन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार तसा फरक आढळला नाही. सुजणारे मूल आणि वाळणारे मूल एकाच प्रकारचे, एकसारखेच अपुरे अन्न खात होते. उणीव एकट्या प्रथिनाची नसून पोटभर अन्नाची होती.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम करीत असता आकडेवारीच्या मार्गाने याच ठिकाणी पोहोचले. धान्य आणि डाळ यांचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातून भागते. आणि तो पोटभर मिळत नसेल, तर वर घातलेले प्रथिनही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. ज्वारीची भाकरी आणि तुरीची डाळ ज्यांच्या ताटात पडते, त्यांना या म्हणण्याचे महत्त्व सांगावयास नको.

सुजेचे जुने सूत्रही पुढे डळमळले. जन्मतःच ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन जवळजवळ नाही, अशा भावाबहिणीची नोंद जर्मनीत १९५४ मध्येच झाली होती. सूत्राप्रमाणे त्यांचे अंग सुजेने भरून जावयास हवे होते, परंतु त्यांना सूज अगदी थोडी होती. जमैकातील वैद्यांनी १९८० मध्ये दाखविले की, उपचार घेणाऱ्या कुपोषित मुलांची सूज रक्तातील अल्ब्युमिन वाढण्याच्या आधीच ओसरते. रोगजंतूंचा संसर्ग, यकृताचे विकार, मोठी दुखापत यांनीही अल्ब्युमिन घटते. तेव्हा केवळ त्याचे प्रमाण पाहून माणसाचे पोषण मापता येत नाही, असे आज मानले जाते.

याचा अर्थ ती जुनी परीक्षा वाया गेली असा नव्हे. मधुमेही माणसाच्या मूत्रात अल्पशा प्रमाणात झिरपणारे अल्ब्युमिन आज यंत्राने मोजता येते, आणि मूत्रपिंडाचा बिघाड बाहेर दिसू लागण्यापूर्वीच त्याची सूचना मिळते. ब्राइटच्या चमच्याचे काम अशा रीतीने अधिक सूक्ष्मपणे चालूच आहे. अल्ब्युमिन हा विश्वासू साक्षीदार आहे. परंतु साक्षीदार जे घडले तेवढेच सांगतो. ते का घडले, याचा निवाडा त्याच्याकडून मागू नये. रक्तात अल्ब्युमिन उणे पडले म्हणून जगाने दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलांसाठी भुकटीचे डबे सिद्ध केले. हैदराबादच्या संशोधकांनी त्या मुलांच्या ताटात डोकावून पाहिले, तेव्हा ते ताटच अर्धे रिकामे आढळले.