रक्तदाब आणि मीठ: एक किलोची पुडी किती दिवस पुरते?

होटगीकडचे रुग्ण बीपी तपासायला आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “डॉक्टर, मी वरून मीठ घेतच नाही.” ते खरंही असतं. पण कडक भाकरीबरोबर ताटात शेंगाचटणी, लोणचं, पापड असतो आणि मीठ त्यातून पोटात जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. मोजायचं कसं? मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात ती महिन्यात संपली, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे 8 ग्रॅम आलं. 5 ग्रॅमने ती 50 दिवस पुरायला हवी. फरसाण, वेफर्स आणि पावातलं मीठ यात धरलेलंच नाही.

मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडांना ते पुरेसं बाहेर टाकता आलं नाही, तर रक्तवाहिन्यांतला द्रव आणि त्यांच्या भिंतींवरचा दाब वाढतो. हा परिणाम सर्वांवर सारखा नसतो. उतारवयात, आधीच बीपी असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर तो जास्त दिसतो. मीठ रोज 4-5 ग्रॅमने कमी केलं, तर बीपीच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी 5 च्या आसपास उतरतो. तेवढ्यावर गोळी स्वतःहून बंद करू नका.

“उन्हात एवढा घाम जातो, मग मीठ नको का?” सोलापूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न रास्तच आहे. बहुतेकांना जेवणातलं मीठ पुरतं. तहानेला पाणी प्यावं. मात्र दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी मीठ एकदम तोडू नये. जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस घ्यावं. चक्कर येत असेल किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

सैंधवातही मुख्यतः सोडियमच असतं, त्यामुळे ते बीपीसाठी वेगळं नाही. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचं ठरू शकतं; आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवात शेंगाचटणीपासून करा. लसूण आणि तिखटाची चव असतेच, म्हणून कुटताना मीठ थोडं थोडं कमी करत निम्म्यावर आणा. पहिले काही दिवस घरचे कुरकुरतील. काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि मग जुनी चटणीच खारट लागते.