एकटा लेप्टॉन: टॉप क्वार्कची खूण आणि तिचा हिशेब

डेटा हातात आला की आपण आधी सिग्नल शोधायला धावतो. जरा थांबा, आणि टॉप क्वार्कची ही गोष्ट वाचा. तिचा एक धागा पुण्यातला आहे.

रोहिणी गोडबोले पुण्याच्या. शाळा हुजूरपागेत, बी.एस्सी. एस. पी. कॉलेजात, मग आयआयटी मुंबई आणि अमेरिकेत पीएचडी. 1983 मध्ये त्यांनी संदीप पकवासा आणि टीआयएफआरचे डी. पी. रॉय यांच्याबरोबर एक पेपर लिहिला. प्रश्न असा: प्रोटॉन-अँटिप्रोटॉन टकरीत टॉप तयार झालाच, तर ओळखायचा कसा?

कारण इलेक्ट्रॉन-म्यूऑन तर बॉटम आणि चार्म क्वार्कपासूनही मिळतात, आणि हे दोघं कितीतरी जास्त संख्येने तयार होतात. मग लेप्टॉनच्या शेजारी काय आहे ते बघा. बॉटम त्या मानाने हलका. वेगात असताना त्याचा क्षय झाला की सगळे कण एकाच दिशेने जातात आणि लेप्टॉन जेटच्या गर्दीत सापडतो. टॉप जड, त्यामुळे त्याच्या क्षयातले कण लांब फेकले जातात आणि लेप्टॉन एकटा दिसतो. आज आपण कोडमध्ये जो ‘आयसोलेशन कट’ लावतो, त्यामागे हाच विचार आहे.

पुढच्याच वर्षी सर्नच्या यूए1 प्रयोगाने एकटा लेप्टॉन आणि दोन जेट अशा सहा घटना दाखवल्या. टॉपचं वस्तुमान 40 जीईव्हीच्या आसपास असावं, असं वाटलं. पुढे डेटा वाढला, बॅकग्राउंड नीट मोजलं गेलं, आणि तो टॉप विरून गेला. डब्ल्यू बोसॉन जेटबरोबर आला, तरी लेप्टॉन एकटाच दिसतो ना! खूण बरोबर होती, हिशेब कच्चा होता.

खरा टॉप 1995 मध्ये फर्मीलॅबच्या सीडीएफ आणि डी-झिरो प्रयोगांना सापडला. डी-झिरोमध्ये टीआयएफआर, दिल्ली आणि पंजाब विद्यापीठांचे गटही होते. त्यांच्याकडे घटना 17, अपेक्षित बॅकग्राउंड 3.8. उरल्या सुमारे 13. त्यांना कार्यक्षमता आणि ल्युमिनॉसिटीने भागलं की क्रॉस सेक्शन मिळतो: 6.4 ± 2.2 पिकोबार्न. वस्तुमान निघालं 40 च्या चौपटीहून जास्त. आजचा आकडा सुमारे 173 जीईव्ही.

गोडबोले मॅडम 2024 मध्ये पुण्यातच गेल्या. त्यांची खूण मात्र एलएचसीवर रोज वापरात आहे. तुमच्या आलेखात उंचवटा दिसेल, तेव्हा गाईडला फोन करण्याआधी एवढंच विचारा: वजा काय करायचंय, ते मी मोजलंय का?