गॅसबत्तीच्या मेंटलमधला एक टक्का

गॅदरिंगच्या रात्री नांदूरघाटात लाईट जायची, मग स्टेजच्या खांबाला गॅसबत्ती टांगली जाई. मेंटल एकदा पेटलं की राखेची जाळी उरते, बोट लागलं की खलास. एका वर्षी नाटक ऐन रंगात असताना ते माझ्या हातून फुटलं. वर्गमित्र अजून विसरलेले नाहीत, म्हणून त्या मेंटलचा इतिहास लिहून थोडी परतफेड करतो.

ऑस्ट्रियाच्या कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख यांनी हे मेंटल १८९१ मध्ये बाजारात आणलं. त्यात ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सिरियमचं. नुसतं थोरियम मिणमिणतं. लख्ख उजेड येतो तो या एका टक्क्यामुळे. दोन्ही द्रव्यं मोनाझाइट वाळूत मिळतात. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला ती त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेली सापडली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये केरळात आलुवा इथे मोनाझाइटचा कारखाना निघाला, १९५५ मध्ये मुंबईजवळ तुर्भ्याला थोरियमचा. तिथलं थोरियम नायट्रेट मेंटलवाल्यांकडे जाई. (थोरियम किरणोत्सर्गी असतं. ती राख आपण तोंडानं फुंकायचो!)

वीज आली, मेंटल गेलं. सिरियम मात्र मोटारीच्या धुरांड्यात जाऊन बसलं.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की माणूस मरतो, तो याच वायूनं; रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तो प्राणवायूची जागा बळकावतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर त्याचं प्राणवायूशी मीलन होऊन निरुपद्रवी कार्बन डायऑक्साइड बनतो. पण अडचण अशी की तिथेही तो हेच करतो. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये हे मांडलं. हे गृहस्थ विजेच्या दिव्यांच्या कंपनीत नोकरीला, आणि १९३२ चं नोबेल त्यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठीच मिळालं.

केजच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आठवा. कार्बन मोनॉक्साइड तसा. थंड प्लॅटिनमवर तो आधीच सगळीकडे चिकटून बसतो. याला अधिशोषण म्हणतात. प्राणवायूच्या रेणूला मात्र फुटून बसायला शेजारीशेजारी दोन मोकळ्या जागा लागतात. त्या मिळत नाहीत, आणि क्रिया अडते. धातूला लागून सिरियमचं ऑक्साइड असलं तर ते स्वतःच्या अंगातला प्राणवायू कडेनं पुरवतं, आणि धुरात प्राणवायू जास्त झाला की पुन्हा भरून घेतं. जागेचं भांडणच टळतं. मला तरी या सगळ्या रसायनशास्त्रात याहून सुंदर काही दिसत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना असा उत्प्रेरक डबा सक्तीचा झाला. शिशानं त्याचा थर निकामी होतो, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोलही आलं. फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. मोटारींच्या धुरातलं शिसं हटलं, ते असं या डब्याच्या निमित्तानं.

कुणाच्या माळ्यावर जुनी गॅसबत्ती असेल तर पुढच्या मेळाव्याला घेऊन या. मेंटल मात्र दुसऱ्या कुणी बांधावं.