गिरणगावात कला कोणी आणली?

लोअर परळला बिल्डरांच्या जाहिरातीत 'अप्पर वरळी' म्हणतात, हे आता मुंबईत जुने झाले. त्याहून नवे म्हणजे हा भाग शहराचा 'आर्ट डिस्ट्रिक्ट' आहे असे सांगितले जाते. गिरण्यांच्या शेडमध्ये गॅलऱ्या आल्या, डिझाइन स्टुडिओ आले. 2007 मध्ये मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचा संगीत क्लब सुरू झाला, तेव्हा मुंबईला आता कुठे संगीत मिळाले अशा सुरात त्याचे स्वागत झाले. फिनिक्स मिलची चिमणी जपून ठेवली आहे आणि तिच्याभोवती मॉल आहे. या सगळ्याला पुनरुज्जीवन म्हणतात.

हा शब्द जरा नीट बघावा. पुनरुज्जीवन मेलेल्याचे होते. म्हणजे इथे राहणाऱ्याने आधी स्वतःला मेलेला म्हणून मान्य करायचे. आमचा पहिला आक्षेप इथेच आहे.

गिरणगाव आपोआप मेले नाही. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले बहुतेक परत कामावर कधी गेलेच नाहीत. मुंबईत 58 गिरण्या आणि त्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने ही जमीन विकसित करताना ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून बाहेर! 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. घरासाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. घरे मिळालेल्यांची संख्या त्यापुढे किरकोळ आहे. कलेचा जिल्हा उभा राहिला तो या जमिनीवर. 2017 साली 29 सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली आणि 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत 14. रोज हजारो नोकरदार या भागात ओतले गेले, पण पूल आणि गल्ल्या गिरणीच्या काळाच्याच राहिल्या.

आता कलेविषयी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 मध्ये उभे राहिले आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांत गाजले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. परळच्या दामोदर हॉलमध्ये दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून नाटकात उभा राहत असे. चाळींच्या पटांगणात आंबेडकरी जलसे होत. आमचे वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून मोठ्या वयात अक्षर शिकले आणि मग आयुष्यभर लिहीत गात राहिले. ज्या भागाने वामनदादांच्या हातात पाटी दिली, त्या भागाला कला शिकवायला कोणी येत असेल तर त्याने आधी चप्पल बाहेर काढावी.

इथपर्यंत डावे मित्रही आमच्याशी सहमत होतील. गिरणगावाच्या आठवणींवर लेख, प्रदर्शने, माहितीपट त्यांनी केले आहेत आणि त्यातले काही फार चांगले आहे. पण त्या आठवणीतही एक गाळणी आहे. तिच्यात कामगार दिसतो, त्याची जात दिसत नाही.

गिरणीतल्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त होती. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. त्यामुळे आमची माणसे कमी मजुरीच्या सूतकताईच्या रिंगखात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संप समितीपुढे ठेवला आणि सर्व खाती खुली करण्याची मागणी यादीत घ्या असा आग्रह धरला. ती घेतली गेली, पण नाखुशीने. अडवत होता तो मालक एकटा नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगारही होता. मिल म्युझियममध्ये धोटा काचेच्या पेटीत ठेवतील तेव्हा खालच्या पट्टीवर हे लिहिणार आहेत का?

चाळींचेही तेच. 1920 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी एकूण 207. पैकी वरळीत 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. 'चाळसंस्कृती' म्हणून जे गोड गोड लिहिले जाते त्यात दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. पण 5 जानेवारी 1974 ला याच वरळीत पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि मग दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. कोणते दरवाजे कोणाला उघडे होते, हे त्या आठवड्यात कळले.

म्हणून आम्हाला चाळ वाचवा म्हणणाऱ्यांचाही राग येतो. खेड्याचे गुणगान करणाऱ्यांना बाबासाहेबांनी संविधान सभेत सुनावले होते. खेड्याचे जे, तेच चाळीचे. म्हाडाच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर, स्वतःचा संडास, लिफ्ट मिळते आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. हे घर कुणाची मेहेरबानी नाही. शंभर वर्षांच्या गैरसोयीची ती उशिरा झालेली भरपाई आहे. ज्याला चाळीचा वारसा इतका प्रिय आहे त्याने पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरून सामायिक संडासापर्यंत म्हाताऱ्या आईला नेऊन दाखवावे.

पण घर मिळाले म्हणजे इतिहासावरचा हक्क सोडला असे नाही. 2022 मध्ये वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी यांची नावे देण्याचे जाहीर झाले. नायगावच्या चाळीत ज्यांनी जयंतीची वर्गणी गोळा करत आयुष्य काढले, त्यांना कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही बैठकांना जातो तेव्हा बायका आधी मेंटेनन्सचे विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: विहार कुठे? जयंतीचे स्टेज कुठे लागणार, पोडियमवर परवानगी देणार का? टॉवरच्या नकाशात क्लबहाऊस आहे. पटांगण शोधावे लागते.

दामोदर हॉलचे बघा. 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे कार्यालय याच दामोदर हॉलमध्ये होते. जवळच पोयबावडीच्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब राहत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, पुढे पाडकाम सुरू झाले, नाट्यकर्मींनी विरोध केला. बरे केले. पण त्या बातम्यांत शंभर वर्षांच्या नाटकांची चर्चा आम्ही भरपूर वाचली, बहिष्कृत हितकारिणी सभेचे नाव आम्हाला तरी क्वचितच दिसले. यात आपलाही दोष आहे. नाट्यकर्मी रस्त्यावर आले तेव्हा आपल्यातले किती जण तिथे होते? इंदू मिलची जमीन आपोआप स्मारकाची झाली नव्हती. 6 डिसेंबर 2011 ला कार्यकर्ते गेटमधून आत घुसले, तेव्हा दिल्लीला जाग आली. परळला मात्र आपण 14 एप्रिलच्या मिरवणुकीतून जातो आणि पुढे निघून जातो.

गेले काही महिने आम्ही चारपाच जण रविवारी नायगाव आणि शिवडीच्या चाळींत फिरतो आहोत. ट्रान्झिट कॅम्पला जाताना लोक जुने सामान टाकून देतात. त्यात फोटो, जयंतीच्या पत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तके, कधी डफाचे कडे. एका घरात जलशाच्या गाण्यांची हाताने लिहिलेली वही निघाली, पहिली पाने वाळवीने खाल्लेली. लिहिणारा रिंगखात्यात होता. त्यांच्या सुनेने वही आमच्याकडे द्यायला साफ नकार दिला. झेरॉक्स काढा आणि संध्याकाळपर्यंत परत आणा म्हणाल्या. आम्ही दुपारीच परत केली. त्यांनी आमच्यासमोर सगळी पाने मोजून घेतली.