गोवर्धनची धर्मशाळा

आमच्या पिढीचे नाशिक म्हणजे पंचवटी, गोदाघाट आणि सिंहस्थ. नातवंडांना विचारा, ती सांगतील द्राक्षांचे मळे, वायनरी, गंगापूर धरणातले बोटिंग आणि अंजनेरीची चढण. गेल्या हिवाळ्यात मुलांबरोबर मीही तिकडे दोन दिवस जाऊन आले. निघण्याआधी घरात कुरकुर झालीच. आमचे शिरपूर म्हणजे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे गाव. "यात्रेला जायचे वय, आणि निघालात वायनरी बघायला! ही काय आपली संस्कृती?" असा जाऊबाईंचा सवाल होता.

सुला वायनरी आहे ती गोवर्धन गावाच्या शिवारात. पाटीवर हे नाव वाचले आणि बी.ए.ला वाचलेला शिलालेख आठवला. नाशिकच्या पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. त्यातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्यात हे गोवर्धन आहे. अभ्यासक ते नाशिकजवळचे हेच गाव मानतात.

उषवदाताने भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (नालासोपारा) या चार ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. म्हणजे धर्मशाळा आणि नाव, दोन्ही विनामूल्य.

दुसऱ्या लेखातला हिशेब तर गणिताच्या तासाला फळ्यावर मांडावा असा आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४० झाले. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. वीस बारे दोनशे चाळीस! उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण.

आता वाइनकडे येते. त्याच सुमारास एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. भडोच बंदरात काय काय उतरते याच्या यादीत त्याने वाइन अगदी आरंभीच लिहिली आहे, आणि इटलीची असेल तर अधिक पसंत, असेही नोंदवले आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून त्याच बंदराला जाई. म्हणजे परदेशी वाइन आपल्याकडे यायला २००० वर्षे होत आली. नवे आहे ते इथे ती बनणे. सुलाची स्थापना १९९९ची. २००१ मध्ये राज्याने द्राक्षवाइनला उत्तेजन देणारे धोरण आणले, आणि २००५ मध्ये सुलाने पाहुण्यांना वाइन चाखायला दालन उघडले. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही आहे.

मी वाइन घेतली नाही. नातीने दोन घोट घेतले, मी संध्याकाळच्या उन्हातले मळे आणि मागचे डोंगर पाहत बसले. फार सुंदर जागा आहे, खोटे कशाला बोलू?

जाऊबाईंना माझे उत्तर एवढेच. 'आपली संस्कृती' म्हणताना जरा मागे जाऊन पाहावे. ज्याने भिक्षूंच्या चीवराची सोय केली तो उषवदात स्वतः शक कुळातला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य जिंकले आणि त्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी हजारो नाणी सापडली. राज्य गेले, नाणी पुन्हा छापली गेली, पण दगडावर राहिले ते धर्मशाळा, होड्या आणि चीवराचे पैसे.

गोवर्धन तेव्हाही प्रवाशांचे गाव होते, आजही आहे. फरक आहे तो एवढाच की तेव्हा ज्याच्या खिशात काही नाही त्याचीही सोय कोणीतरी आधीच करून ठेवली होती. शिरपूरला यात्रेकरूंचा राबता पाहत वाढल्यामुळे मला हे जास्त जाणवत असेल. वाइन आपली की परकी, यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

तुम्ही जाल तेव्हा मळे जरूर बघा, बोटीतही बसा. पण एक सकाळ पांडवलेण्यांसाठी ठेवा. पायऱ्या दमवतात, हळूहळू चढा. आणि सोबतच्या मुलांना वीस बारे किती ते तिथेच विचारा.